हजेरीपत्रकावरच्या सह्या: बार कौन्सिल ऑफ इंडियाला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सन्माननीय सदस्य,
बार कौन्सिल ऑफ इंडिया, नवी दिल्ली यांस,

स. न. वि. वि.

खानदेशातल्या एका तालुका न्यायालयात मी २३ वर्षं वकिली करतो. दिवाणी कामं जास्त, अधूनमधून फौजदारी. आपल्याला पत्र लिहिण्याचा प्रसंग यापूर्वी कधी आला नाही. आज लिहितोय, कारण एका प्रश्नाला मला उत्तर देता आलेलं नाही आणि ते उत्तर माझ्यापेक्षा आपल्याकडेच असायला हवं, कारण कायद्याच्या शिक्षणाचे नियम आपण ठरवता.

आमच्या कोर्टाच्या आवारात लिंबाखाली पत्र्याची शेड आहे. तिथे टायपिस्टांची टेबलं आहेत. तिसऱ्या टेबलावर बसणाऱ्या ताई गेली १२ वर्षं आमच्या सगळ्यांचे दावे, कैफियती, पुरसिस, प्रतिज्ञापत्रं टाइप करतात. मागच्या पावसाळ्यात एका ज्युनिअरने मनाई हुकमाचा दावा टाइप करायला दिला. ताईंनी दोन पानं टाइप केली आणि हात थांबवला. सोबत जोडायचं खरेदीखत चाळलं आणि म्हणाल्या, "वकीलसाहेब, खरेदीखतात ओढा पूर्वेला आहे. तुम्ही चतुःसीमेत पश्चिमेला लिहिलाय." ज्युनिअर चपापला. ती चूक तशीच गेली असती, तर निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या अर्जावरच विरुद्ध बाजूने बोट ठेवलं असतं, आणि पुढे दावा जिंकूनही बेलीफ हुकूमनामा घेऊन भलत्याच बांधावर उभा राहिला असता. हे ताईंना कुणी शिकवलं नाही. हजारो दावे हाताखालून गेले, त्यातून त्या शिकल्या.

ताई बारावी झाल्या, मग लग्न, मग या टेबलावर बसून मुक्त विद्यापीठातून बीए. आपल्याच २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे बारावीनंतर दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी तीन वर्षांच्या एलएलबीला चालते. तेव्हा त्या पात्र होत्या. सीईटी दिली, गुणही बरे पडले. त्यांच्या वाट्याला आलेलं कॉलेज ८४ किलोमीटरवर. एसटीने जायला दोन तास, यायला दोन तास.

त्या कॉलेजात चौकशीला गेल्या. कार्यालयात त्यांना सांगण्यात आलं, "फी भरा आणि परीक्षेला या. रोज यायची गरज नाही, हजेरीचं आम्ही बघून घेऊ." कॉलेजचं नाव मी लिहीत नाही. एका कॉलेजचं नाव लिहिलं की बाकीची सुटतात, आणि हा प्रकार एका कॉलेजचा नाही हे आपल्यालाही ठाऊक आहे. ताई परत आल्या, संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "साहेब, वकील व्हायच्या आधीच खोट्या सह्या करायच्या का?"

हाच तो प्रश्न. मी गप्प बसलो.

चार दिवसांनी त्यांनी मोबाइलवर एक जाहिरात दाखवली. घरबसल्या एलएलबी, पूर्णपणे मान्यताप्राप्त, नोकरदारांसाठी खास सोय. खाली फोन नंबर. या वेळी मात्र माझ्याकडे उत्तर होतं आणि ते मी स्पष्ट दिलं: ही पदवी घेऊन सनद मिळणार नाही. वकील म्हणून नाव नोंदवायचं तर अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम २४ प्रमाणे बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता असलेली कायद्याची पदवी लागते. ती आपल्या नियमांप्रमाणे नियमित वर्गात बसून घेतलेलीच असावी लागते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनीही दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने ज्या विषयांच्या पदव्या देता येत नाहीत त्यांत कायदा घातलेला आहे. मान्य पदवी नाही म्हणजे ऑल इंडिया बार परीक्षा नाही, आणि ती परीक्षा नाही म्हणजे वकिलीचं प्रमाणपत्र नाही. सायबर कायदा, ग्राहक कायदा, मानवी हक्क यांचे ऑनलाइन डिप्लोमे जरूर करावेत, त्यांतून ज्ञान मिळतं. पण त्यांतला एकही डिप्लोमा काळा कोट घालायला उपयोगी पडत नाही.

ताईंचे पैसे वाचले, कारण त्यांचं टेबल वकिलांच्या शेजारी आहे. जिच्या शेजारी वकील बसत नाही त्या बाईचं काय? २०२५ मध्ये आपण ऑनलाइन, दूरस्थ आणि हायब्रिड एलएलएमबद्दल जाहीर इशारा दिलात, उच्च न्यायालयांनाही कळवलंत. चांगलं केलंत. पण तो इंग्रजीत निघाला, आणि एलएलएमच्या वाटेला जाणारा माणूस आधीच वकील असतो किंवा निदान कायद्याचा पदवीधर तरी असतो. फसतो तो एलएलबीच्या पायरीवर उभा असलेला. मान्यताप्राप्त कॉलेजांची यादी आपल्या संकेतस्थळावर आहे, तीही इंग्रजीत. माझी पहिली आणि सगळ्यात सोपी मागणी ही की "ऑनलाइन किंवा पत्राद्वारे घेतलेल्या एलएलबीवर सनद मिळत नाही" हे एक वाक्य मराठीत आणि प्रत्येक राज्याच्या भाषेत छापा. सीईटीच्या माहितीपुस्तिकेत, प्रत्येक कॉलेजच्या दारावर, प्रत्येक तालुका कोर्टाच्या फलकावर ते लागू द्या. याला ना नियमदुरुस्ती लागते, ना समिती.

पण ताईंचा खरा प्रश्न या मागणीने सुटत नाही. ऑनलाइनचं दार बंद आहे हे कळल्यावर त्यांच्यापुढे उरतं ते खोट्या हजेरीचं दार. त्याबद्दल मला सविस्तर लिहायचं आहे.

आपले नियम म्हणतात, तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात सत्र किमान १५ आठवड्यांचं असावं आणि आठवड्याला किमान ३० तास वर्ग व्हावेत. सहा सत्रांचे हे २७०० तास झाले. परीक्षेला बसायला ७० टक्के हजेरी लागते, म्हणजे १८९० तास. आठवड्याचे सहा दिवस धरले तर ९० आठवड्यांचे ५४० दिवस होतात, त्यांतले ३७८ दिवस हजर राहायला हवं. ताईंच्या बाबतीत दिवसाला चार तास एसटीचे. १८९० तास वर्गात बसण्यासाठी १५१२ तास बसमध्ये. एवढं करून टेबल बंद राहणार ते वेगळंच, आणि टेबल बंद म्हणजे घरातली आवकही बंद. हा हिशेब मी त्यांच्यासमोर कागदावर मांडला. त्यांनी तो घडी घालून पर्समध्ये ठेवला.

असा हिशेब ज्यांना जमत नाही त्यांच्यापैकी बरेच जण शिक्षण सोडत नाहीत, ते खोटी हजेरी स्वीकारतात. कॉलेज मस्टरवर सह्या घेतं, किंवा दुसरंच कुणी सह्या करतं. विद्यापीठाला ७० टक्क्यांचा तक्ता जातो आणि आपल्याकडे सगळं नियमात असल्याची नोंद होते. सप्टेंबर २०२४ मध्ये आपण कॉलेजांना बायोमेट्रिक हजेरी आणि कॅमेरे बसवायला सांगितलंत. हेतूविषयी मला शंका नाही. पण यंत्र फार तर बोटाचा ठसा खरा आहे की नाही एवढंच सांगेल. ८४ किलोमीटर त्याने कमी होत नाहीत. खोटेपणा जिथून सुरू होतो त्या जागेला अजून कुणी हात लावलेला नाही.

या खोटेपणाची फळं मी दर एप्रिलमध्ये पाहतो. परीक्षा जवळ आल्या की मुलं बाररूममध्ये येतात. हातात जर्नल असतं. आपल्या अभ्यासक्रमात चार प्रात्यक्षिक विषय सक्तीचे आहेत. त्यांतल्या एकात विद्यार्थ्याने एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला प्रत्यक्ष कोर्टात बसून पाहावा, पक्षकाराशी वकील कसा बोलतो ते पाहावं आणि नोंदी लिहाव्यात, असं आहे. फार चांगली तरतूद आहे ही. पण मुलं येऊन म्हणतात, "सर, एक दिवाणी आणि एक फौजदारी केस नंबर द्या ना, ऑब्झर्व्हेशनला लिहायचाय." नंबर, तारीख, साक्षीदाराचं नाव एवढं मिळालं की काम झालं. बाकीचा मजकूर मागच्या वर्षीच्या जर्नलमध्ये तयार असतो. मीसुद्धा असे नंबर दिले आहेत, सह्याही केल्या आहेत, आणि हे लिहिताना मला त्याची लाज वाटते. ती मुलं ज्या कोर्टातून नंबर घेऊन गेली, त्याच कोर्टात त्या वेळी साक्षीपुरावा चालू होता. दार उघडं होतं. त्यांना आत जाऊन बसा असं सांगणं माझ्या हातात होतं.

म्हणून "नियमित शिक्षणाचा दर्जा" हे शब्द ऐकले की मला थांबून विचारावंसं वाटतं, कोणता दर्जा? कागदावरचा की वर्गातला? वर्गात मुलंच नाहीत अशा कॉलेजची पदवी नियमित ठरते. घरी पहाटे उठून करार कायदा समजून घेणारी बाई मात्र अनियमित ठरते.

याचा अर्थ ऑनलाइन एलएलबी सरसकट मान्य करा असा कुणी काढू नये. तसं मी म्हणत नाही, आणि कारणं सांगतो. उलटतपासणी पडद्यावरून शिकता येत नाही. साक्षीदार उत्तर देण्याआधी कुणाकडे बघतो, कुठल्या प्रश्नाला त्याचा आवाज खाली जातो, न्यायाधीशांनी पेन केव्हा खाली ठेवलं, हे कोर्टात उभं राहूनच कळतं. माझे सिनिअर मला पहिलं वर्षभर फक्त मागे बसवायचे. "बोलू नको, बघ," एवढंच सांगायचे. त्या वर्षाच्या जागी कुठलाही व्हिडिओ ठेवता येणार नाही. शिवाय बोगस पदव्यांची आपली भीती खरी आहे. वकिलांच्या पदव्यांच्या पडताळणीचा प्रश्न एवढा मोठा झाला की २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी उच्चस्तरीय समिती नेमावी लागली. दरवाजा सताड उघडला तर उद्या प्रत्येक गल्लीत पदवीचं दुकान निघेल, आणि त्याचा फटका शेवटी पक्षकाराला बसेल. ज्याची जमीन गेली त्याला, जी पोटगीसाठी फेऱ्या मारते तिला.

पण कायद्याच्या शिक्षणात सगळीच उलटतपासणी नसते. संविधान, करार, हिंदू कायदा, मिळकत हस्तांतरण, कंपनी कायदा यांची व्याख्यानं उत्तम प्राध्यापकाकडून पडद्यावर ऐकली तर त्यांत काय कमी पडतं? छोट्या गावातल्या कॉलेजात एकच प्राध्यापक चार विषय शिकवतो, त्यापेक्षा ते बरं पडेल. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ पासून स्वयम या सरकारी ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या मंचाच्या माध्यमातून एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत श्रेयांक ऑनलाइन घेण्याची मुभा विद्यापीठांना दिली आहे. ती मोजमापं तयार आहेत. त्यांत कायद्यासाठी काय बसतं आणि काय बसत नाही, हे ठरवायला आपल्याइतकं अधिकारी कुणी नाही.

आणि कोर्टच बदललं आहे, याकडे कसं दुर्लक्ष करायचं? एप्रिल २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन व्हिडिओ सुनावणीचा मार्ग मोकळा केला. टाळेबंदीत आपल्याच मान्यताप्राप्त कॉलेजांनी ऑनलाइन वर्ग घेतले. त्या वर्षांतली मुलं आज सनद घेऊन माझ्या समोरच्या बाजूने युक्तिवाद करतात, आणि त्यांच्या पदवीबद्दल कुणी ब्र काढत नाही. सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठांची सुनावणी देशभर थेट दिसते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० प्रमाणे खटले, चौकशी, साक्षीदारांची तपासणीसुद्धा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेता येते. माणसाच्या स्वातंत्र्याचा निर्णय ज्या पुराव्यावर व्हायचा, तो पुरावा पडद्यावर नोंदवता येतो. पण त्या पुराव्याच्या कायद्यावरचं व्याख्यान पडद्यावर ऐकलं तर ती पदवी सनदेला चालत नाही. यामागचं तर्कशास्त्र मी माझ्या ज्युनिअरला समजावून सांगू शकत नाही.

वकिलीचं दार नेहमी आजच्यासारखंच होतं असंही नाही. लोकमान्य टिळक १८७९ मध्ये एलएलबी झाले आणि पुढे पुण्यात त्यांनी वकिलीच्या परीक्षांना बसणाऱ्यांसाठी खाजगी लॉ क्लास चालवला. त्या काळी डिस्ट्रिक्ट प्लीडर आणि हायकोर्ट प्लीडर अशा परीक्षा असत. अभ्यास कुठे केलात यापेक्षा परीक्षेत काय लिहिलंत याला वजन होतं. नोकरी सांभाळून सकाळ-संध्याकाळच्या वर्गांत कायदा शिकलेल्यांच्या पिढ्या मुंबईत होऊन गेल्या. दिवसभर कचेरीत, संध्याकाळी लॉ कॉलेजच्या बाकावर. आज आपल्या नियमांनी वर्गांची वेळ सकाळी ८ ते संध्याकाळी ७ ठरवली आहे, म्हणजे नोकरदाराचा पूर्ण दिवस त्यातच गेला.

नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींची आठवण इथे होते. १८९२ मध्ये त्यांनी ऑक्सफर्डला कायद्याची परीक्षा दिली, पुढे मुंबई विद्यापीठाची एलएलबीही केली. ज्ञानात काही कमी नव्हतं. तरी बाई म्हणून वकिली करता येईना. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांना ही वाट मोकळी झाली तेव्हा त्यांची उमेदीची तीस वर्षं निघून गेली होती. पात्रतेच्या अटी त्या काळी काही लोकांनी बसून लिहिल्या होत्या आणि नंतर काही लोकांनी बसून बदलल्या. आजच्या अटी लिहिणारे आपण आहात.

बाहेरच्या देशांत हा प्रश्न कसा हाताळला जातो तेही पाहण्यासारखं आहे. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात मान्यता नसलेल्या, पत्राद्वारे शिकवणाऱ्या किंवा ऑनलाइन लॉ स्कूलमध्ये शिकलेल्यालाही बार परीक्षेला बसता येतं. पण सहज नाही. पत्राद्वारे शिकणाऱ्याला वर्षाला किमान ८६४ तास याप्रमाणे चार वर्षं अभ्यास दाखवावा लागतो, आणि पहिल्या वर्षानंतर राज्याच्या बारची वेगळी परीक्षा पार करावी लागते. तिथले लोक तिला बेबी बार म्हणतात. जो टिकणार नाही तो तिथेच थांबतो, त्याची पुढची वर्षं आणि पैसे वाचतात. अमेरिकेतली बाकीची बहुतेक राज्यं अशा पदव्या आजही सहज मानत नाहीत आणि त्यामुळे पदवीधर अडकतात, हेही खरं. तरीही मॅसेच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका ऑनलाइन पदवीधराला बार परीक्षेला बसू दिलं, आणि इंडियानाने २०२४ पासून अशांसाठी अर्ज करून सवलत मागण्याची वाट ठेवली. इंग्लंडने तर २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी कायद्याची पदवी किंवा तिच्या जागी रूपांतर अभ्यासक्रम हवा ही अट काढली. त्याऐवजी दोन टप्प्यांची कडक परीक्षा आणि दोन वर्षांचा कामाचा अनुभव ठेवला. दुसऱ्या टप्प्यात मसुदा लिहावा लागतो, पक्षकाराची मुलाखत घ्यावी लागते, उभं राहून बाजू मांडावी लागते.

याच्या शेजारी आपली ऑल इंडिया बार परीक्षा ठेवून पाहा. १०० प्रश्न, चार पर्यायांतला एक निवडायचा, चुकीच्या उत्तराला गुण वजा नाहीत आणि सोबत बेअर ॲक्ट, म्हणजे टिपांशिवायचा नुसता कायदा, नेता येतो. १० फेब्रुवारी २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही परीक्षा घेण्याचा आपला अधिकार मान्य केला. अधिकाराचा प्रश्न मिटला, आता परीक्षेकडे बघा. एक साधं वादपत्र, एक जामीन अर्ज, एक नोटीस विद्यार्थ्याच्या हातून लिहून घ्या. ओढा पूर्वेला की पश्चिमेला, हे खरेदीखत समोर ठेवून विचारा. तसं झालं, तर माणूस वर्गात कुठे बसला होता याची एवढी धास्ती बाळगावी लागणार नाही.

मी सुचवतो ते असं. दूर राहणारे, नोकरी करणारे, अपंग, घरची जबाबदारी असलेले यांच्यासाठी सैद्धांतिक विषयांचा ठरावीक भाग ऑनलाइन घेण्याची परवानगी द्या. ती फक्त आपण तपासलेल्या आणि मान्यता दिलेल्या कॉलेजांनाच द्या. परीक्षा केंद्रावर, पर्यवेक्षकासमोर. पहिल्या वर्षानंतर एक चाळणी परीक्षा ठेवा. आणि प्रात्यक्षिक मात्र दुप्पट करा. त्यासाठी ८४ किलोमीटर जायची गरज नाही, तालुका कोर्ट आहे ना. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात आपण आज १२ आठवड्यांची इंटर्नशिप सांगता. अशा विद्यार्थ्यांना ती २४ आठवडे करा. तालुका विधी सेवा समिती जवळपास प्रत्येक ठिकाणी आहे, लोकअदालती भरतात, कायदेविषयक शिबिरं होतात. विद्यार्थी त्यात काम करू दे. हजेरी न्यायालयातल्या अधिकाऱ्याच्या सहीने लागू दे. ती खोटी करणं कॉलेजच्या मस्टरइतकं सोपं जाणार नाही. आमच्यासारख्या दहा वर्षांवरच्या वकिलांवर दोन-दोन विद्यार्थ्यांची जबाबदारी टाका. मी घ्यायला तयार आहे, आणि आमच्या बारमधले निदान चौघे तयार होतील हे मी त्यांना विचारून लिहितो आहे.

आज जे जाहिरातींना भुलून बोगस ऑनलाइन पदव्या घेऊन बसले आहेत, त्यांना त्या पदवीवर सनद द्या असं मी म्हणणार नाही. तसं केलं तर दुकानदारांचं फावेल. पण त्यांना नव्या पद्धतीत पहिल्या वर्षापासून यायची वाट ठेवा. बारावी न करता थेट मुक्त विद्यापीठातून पदवी घेतलेल्यांना आज एलएलबीला प्रवेशच नाही, तेही या निमित्ताने तपासा. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने पूर्वतयारीच्या वाटेने शाळा सुटलेल्या किती तरी लोकांना पदवीपर्यंत आणलं. त्यांच्यासाठी सीईटी आहे, ती पुरेशी चाळणी आहे.

हे सगळं आता का लिहितो, याचं कारण आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आपण तीन वर्षं नवीन विधी महाविद्यालयांना परवानगी न देण्याचं ठरवलंत. दर्जा घसरतोय म्हणून ते केलंत आणि मला ते पटतं. पण याचा दुसरा अर्थ असा की आमच्या तालुक्याजवळ पुढची तीन वर्षं कॉलेज येणार नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हजेरी कमी म्हणून कायद्याच्या विद्यार्थ्याला परीक्षेपासून अडवू नये असा निकाल दिला आणि हजेरीच्या नियमांचा फेरविचार आपण करावा असं सांगितलं. एका विद्यार्थ्याच्या मृत्यूनंतर सुरू झालेलं ते प्रकरण होतं. म्हणजे फेरविचाराचा विषय आपल्यापुढे आलेलाच आहे. तो फक्त ७० चे ६० टक्के करायचे की नाही एवढ्यावर संपवू नका, ही कळकळीची विनंती. अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ७(१)(एच) मध्ये आपल्यावर विधी शिक्षणाचा दर्जा ठरवण्याची जबाबदारी टाकली आहे, पण त्या वाक्याची सुरुवात विधी शिक्षणाला चालना देण्यापासून होते. विद्यापीठं आणि राज्य बार कौन्सिल यांच्याशी सल्लामसलत करून हे करायचं, असंही तिथेच आहे. त्या सल्लामसलतीत एक दिवस तालुक्यातल्या वकिलांनाही बोलवा. प्रवासखर्च आम्ही आमचा करू.

३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की नोंदणीसाठी कायद्यात ठरवलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२५. तो निकाल मी ताईंना वाचून दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "एवढे तर आज संध्याकाळी भरता येतील." पैशाचं दार न्यायालयाने उघडलं. अंतराचं दार आपल्याकडे आहे.

ताईंनी यंदा प्रवेश घेतला नाही. त्या कॉलेजची फी भरायची शेवटची तारीख गेली तेव्हा त्या टेबलावरच होत्या, एका वारसाच्या दाखल्याचा अर्ज टाइप करत होत्या. मी काही विचारलं नाही, त्यांनीही काही सांगितलं नाही. पुढच्या सीईटीची नोंदणी सुरू होईल तेव्हा त्यांना काय सांगायचं, ते आपण मला कळवावं.

उत्तर मराठीत पाठवलंत तर आमच्या बाररूमबाहेरच्या फलकावर लावीन. टायपिस्टांची टेबलं त्याच्या समोरच आहेत.

आपला विश्वासू,
तालुका न्यायालयातला एक वकील